चोविसावा डबा

त्या घरात ‘रेडीमेड’ ही शिवी होती. शर्ट रेडीमेड चालायचा, पडदे चालायचे, पण छोट्या मालगाडीचा डबा रेडीमेड? नाव काढायचं नाही! किट आणावं, एकेक तुकडा घासावा, चिकटवावा, चुकला तर उपटून पुन्हा चिकटवावा, असं घड्याळजींचं ठाम म्हणणं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडून बसलेला माणूस, त्याला आयतं काही रुचायचंच नाही. खेळण्यातल्या गाड्यांचा दुकानदार नवे तयार डबे दाखवायला लागला की हे नाक मुरडायचे. “खोक्यातून काढला, रुळावर ठेवला, झालं! यात तुझं काय?”

बायको ऐकून हसायची. “मलाही नवरा रेडीमेड मिळाला असता तर काय बहार होती! हा किट निघाला. जन्म गेला घासण्यात.”

हसायची खरी, पण सामील तीही तेवढीच. ती नकाशांच्या कचेरीत होती. मुंगीएवढ्या अक्षरात गावांची नावं लिहिण्यात तिची नोकरी गेली. घरात वाटणी ठरलेली. डबा ह्यांनी जोडायचा, त्यावरचे आकडे तिने लिहायचे. तेही आधी, बाजूच्या दोन पट्ट्या टेबलावर सपाट पडलेल्या असताना. एकदा शिड्या आणि कड्या चिकटल्या की ब्रश आत पोचत नाही. म्हणजे तिचं झाल्याशिवाय ह्यांना गोंदाची बाटली उघडता यायची नाही. असे तेवीस डबे झाले. जेवणाच्या खोलीत भिंतीला धरून रूळ होते, त्यावर ते फिरायचे.

चोविसाव्याच्या पट्ट्या तिने अंथरुणातच लिहिल्या. पाठीला दोन उशा, मांडीवर ट्रे. आजाराने तोवर तिच्यात काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तरी पहिली बाजू झक्क झाली. दुसऱ्या बाजूला मात्र शेवटच्या चारवर हात हलला आणि चारचं शेपूट खाली घसरलं.

“शी!” ती वैतागली. “स्पिरिट आणि कापूस आणा हो. पुसते.”

“उद्या पुसू,” घड्याळजी म्हणाले. “आता पड जरा.”

तो उद्या काही आला नाही.

पट्ट्या त्यांनी मऊ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवल्या. आत धूळ जाऊ नये म्हणून खोक्याच्या कडांना टेप लावली, तीही अशी की कारखान्याने लाजावं. अडीच वर्षं ते खोकं फळीवर होतं. कुणी विचारलं की म्हणायचे, “हात थरथरतात आता.” थरथरायचे, खोटं नाही. पण ते निमित्त. खरं कारण हे, की डबा जोडला की संपला. खोकं बंद होतं तोवर दोघांचं एक काम अजून बाकी होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तिने एकदा विचारलं, “यात काय आहे?” तर म्हणाले, “काही नाही, किट आहे. राहिलंय.” बोलायला काय झालं होतं माणसाला! पण नाही.

मग लेक समजायची ते समजली. हात साथ देत नाहीत, म्हणून बाबा त्या खोक्याकडे बघून झुरतात. बाबांच्या वाढदिवसाला तिने रंगीत कागदातली पेटी त्यांच्यापुढे ठेवली. आत तयार डबा. रंग चोख, कड्या केसाएवढ्या बारीक, आणि आकड्याच्या शेवटी चोवीस.

“अख्खं दुकान पालथं घातलं मी,” ती म्हणाली. “चोवीसवाला एकच होता. आता गाडी पुरी झाली की नाही, बाबा?”

“झाली की,” ते म्हणाले. नाक मुरडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पोरीने आठवणीने चोवीस शोधला होता. मग त्यांची नजर फळीवर गेली.

“इथलं खोकं?”

“ते दुकानात दिलं ना बदल्यात. मागच्या खेपेला आले होते तेव्हाच नेलं, आणि तुम्हाला कळू नये म्हणून जागेवर तसलंच रिकामं खोकं ठेवलं, ते आत्ता काढलं. फोडलेलंसुद्धा नव्हतं, त्यांनी लगेच घेतलं.”

घड्याळजी उठले आणि चपला शोधायला लागले.

“अहो बाबा, किटच होतं ना?” लेक मागोमाग रस्त्यावर आली. “दुसरं आणू या.”

आता सांगणं भाग होतं. “त्यात तुझ्या आईने लिहिलेल्या पट्ट्या होत्या. शेवटच्या.”

लेक भररस्त्यात थांबली. “मला का नाही सांगितलंत?”

घड्याळजी दुकानाच्या दिशेने चालत राहिले.

दुकानदाराने डोक्याला हात लावला. “ते दाताच्या डॉक्टरांनी नेलं, महिना झाला. तुमच्यासारखेच ते, किटशिवाय कशाला हात लावत नाहीत.”

डॉक्टरांचा दवाखाना पलीकडच्याच गल्लीत होता आणि राहायलाही ते तिथेच वरच्या मजल्यावर. माणूस मोठा गप्पिष्ट. घड्याळजींना डबा बघायचाय म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! दोन दोन पायऱ्या चढून गेले, डबा घेऊन आले.

“बघा, तुम्ही जाणकार. आणि गंमत सांगू? खोकं नवं कोरं, पण आत पट्ट्यांवर आकडे हाताने लिहिलेले! सुरेख हात होता हो, मानलं. पण एका बाजूचा चार घसरलेला. डोळ्यात खुपायला लागला. एकच बाजू पुसली तर दोन्ही वेगळ्या दिसणार, म्हणून दोन्ही पुसल्या. स्पिरिट आणि कापूस, दोन मिनिटांत साफ!”

लेकीने तोंडावर हात दाबला. घड्याळजींनी डबा तळहातावर घेतला. दुसऱ्या हाताने त्या हाताला आधार देत ते खिडकीपाशी गेले. डबा उजेडात तिरका धरून त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. कुठे एखादी रेघ, कुठे रंगाचा ठिपका उरलाय का? काही नव्हतं. डॉक्टरांनी काम चोख केलं होतं. घड्याळजींनी स्वतः केलं असतं तर असंच केलं असतं.

डॉक्टर एकदा ह्यांच्याकडे, एकदा लेकीकडे बघत होते. “माझं काही चुकलं का?”

“छे हो,” घड्याळजी म्हणाले. “तिलाही तो पुसायचाच होता.”

मग लेकीने रडत रडत सगळं सांगितलं. डॉक्टर बिचारे कानकोंडे झाले, डबा घेऊनच जा म्हणाले, हातापाया पडायचे तेवढे बाकी राहिले. घड्याळजींनी तो अलगद टेबलावर ठेवला. “ज्याने जोडला त्याचा डबा,” एवढंच बोलले आणि निघाले.

घरी आल्या आल्या लेकीने नवा डबा खोक्यात कोंबायला घेतला. “हा मी परत देते. मला बघवत नाही.”

“खबरदार!” ते कडाडले. “शोधून आणलायस ना? लाव शेवटी.”

त्यांच्या बोटांना कडी जुळवणं जमलं नसतं. तिनेच जुळवली, बटण दाबलं. गाडी निघाली. बायकोच्या हातचे तेवीस आकडे एकामागून एक त्यांच्यासमोरून गेले, आणि मग छापलेला चोविसावा. गाडी वळसा घालून आली. पुन्हा तेवीस, पुन्हा तो.

“चार बघ,” घड्याळजी म्हणाले, “किती सरळ आहे.”

आणि बायको गेली त्या दिवशीही डोळ्यातून टिपूस न काढलेला हा माणूस खुर्चीत बसून ढसाढसा रडायला लागला. लेकीने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. गाडी बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.