शाबासकी

गुणवंतरावांनी हातातला चेंडू सरळ टॅक्सीच्या दिशेने भिरकावला. टॅक्सी वाळूत नुकतीच थांबत होती, सिद्धांत दार उघडून एक पाय बाहेर टाकत होता. चेंडू कानाला चाटून जाणार एवढ्यात त्याने डावा हात वर केला आणि फळीवरची वाटी काढावी तसा तो अलगद झेलला. उजव्या हातात अर्धा खाल्लेला अंडा-पराठा होता.

"गुड मॉर्निंग, सर."

"मॉर्निंग कधीच संपली. तोंडात काय कोंबलंयस? धावत येऊन पिचवर ओकणार आहेस का? आधी ती लेस बांध. लेसमध्ये अडकून थोबाड फुटलं तर तुझ्या बापाला मी काय सांगू?"

सिद्धांत हसला. वाकून त्याने लेसची कशीबशी गाठ मारली. ती दोन ओव्हरांत सुटणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

शारजातल्या हमरिया फ्री झोनच्या कुंपणाबाहेर सिमेंटची एक पट्टी होती, तिच्यावर हिरवी मॅट आणि चहूकडे नुसती वाळू. दर शुक्रवारी सकाळी कंपनीची टीम तिथे प्रॅक्टिस करायची. कंपनी लोखंडी पाइपांची. मालक लालवाणी शेठ क्रिकेटवेडे, म्हणून स्टोअरमधल्या दोन जागा कायम क्रिकेटपटूंसाठी राखलेल्या. इंडियातून पोरं आणायची, स्टोअरकीपर म्हणून व्हिसा काढायचा आणि कंपन्यांच्या लीगमध्ये त्यांच्या जिवावर मिरवायचं. गुणवंत सामंत डिस्पॅचचे मॅनेजर. पण तरुणपणी मुंबईच्या मैदानांवर घाम गाळलेला, म्हणून टीम त्यांच्याच गळ्यात. त्यांनाही ते गळ्यातलं लोढणं काढायचं नव्हतं. आठवडाभर कंटेनर मोजणारा हा माणूस शुक्रवारी सकाळी माणसात यायचा.

शेजारच्या नेटमध्ये नीरव गोलंदाजी करत होता. सुरतचा मुलगा, इस्त्रीचे पांढरे कपडे, सगळ्यांच्या आधी हजर. चेंडू सरळ, बेताचा, कुणाचंही काही न बिघडवणारा.

"छान, नीरव. छान टाकतोस," गुणवंतराव म्हणाले आणि पाठ फिरवली.

मग सिद्धांत धावत आला. गुणवंतरावांनी गॉगल काढला. चेंडू पडला कुठे ते दिसलं, पुढचं नुसतं ऐकू आलं. ऑफ स्टंप मुळासकट उखडून मागच्या जाळीत जाऊन अडकला होता. गुणवंतरावांच्या अंगावर काटा आला. वसईच्या या उनाड पोराच्या खांद्यात देवाने काय ठेवलं होतं कोण जाणे. असा चेंडू त्यांनी उभ्या आयुष्यात फार थोड्यांच्या हातून सुटलेला पाहिला होता.

"पाय बघ कुठे पडलाय," ते ओरडले. "क्रीज काय तुझ्या आजोबांनी आखलीय? आणि शेवटी मान का पाडतोस, झोप आलीय? हा चेंडू म्हणायचा? पुन्हा टाक, गाढवा."

सिद्धांत खूश होऊन मागे गेला आणि पुन्हा धावत आला.

मुंबईच्या मैदानावर हीच रीत होती. ज्या पोरात काही आहे त्याला सर सोलून काढायचे. पॅड नीट नाही म्हणून, पाय हलला नाही म्हणून, शतक केलं तर शतकानंतर आउट झाला म्हणून. आणि ज्याचं काही होणार नाही त्याला गोड बोलायचे. उगाच कशाला पोराचं मन दुखवा. गुणवंतराव स्वतः तीन वर्षं सरांच्या शिव्या खाऊन वाढले. एकोणिसाव्या वर्षी एका संध्याकाळी सर नेटमागून म्हणाले, "छान खेळलास हो, गुणवंत." त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी टीमच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, आणि नंतर कधीच आलं नाही. मग नोकरी, मग गल्फ.

सिद्धांतही त्याच जातीच्या मास्तरांच्या हाताखालून आलेला. पहिल्या महिन्यात एकदा गुणवंतरावांना ताप होता, म्हणून ते नेटमध्ये गप्पच बसून राहिले. संध्याकाळी हा पठ्ठ्या त्यांच्या दुबईतल्या, करामा भागातल्या घराच्या दारात हजर, हातात संत्र्यांची पिशवी.

"सर, माझं काही चुकलं का? आज काहीच बोलला नाहीत."

"ताप आहे मला, मूर्खा."

तेव्हा कुठे पोराच्या जिवात जीव आला. आत येऊन तो गुणवंतरावांच्या बायकोच्या, अनुराधाबाईंच्या हातची खिचडी ओरपून गेला.

पण हे सगळं बरे दिवस असतानाचं. दोन हजार नऊ उजाडलं ते मंदीचं सुतक घेऊनच. दुबईतल्या क्रेन जिथल्या तिथे थबकल्या, बिल्डिंगांचे सांगाडे उघडे पडले, आणि त्या बिल्डिंगांसाठी बनवलेले पाइप यार्डात गंजत पडले. गुणवंतरावांच्या डिस्पॅचमधून दिवसाला एखादा ट्रक सुटला तरी खूप. दर गुरुवारी ऑफिसात कुणा ना कुणाच्या टेबलावर निरोपाचा केक यायचा, सगळे उभ्या उभ्या खायचे, आणि शुक्रवार-शनिवारची सुटी संपून रविवारी ऑफिस उघडलं की ते टेबल रिकामं असायचं.

असाच एक रविवार. हेड ऑफिसमधून एचआरच्या वीणा मॅडम आल्या. पुण्याच्या, पस्तिशीच्या, बोलायला साध्या. दार लावून त्या मराठीतच बोलल्या.

"सामंत सर, स्टोअरच्या दोन पोझिशन्सपैकी एकच ठेवायची आहे. लालवाणी सर म्हणाले, टीम बंद नको, पण बोलर एकच. तुम्ही सांगाल तो राहील. मला दोघांचं तुमचं असेसमेंट हवंय, अगदी फ्रँकली."

तुम्ही सांगाल तो राहील. गुणवंतरावांना वाटलं, देव पावला. आजवर कंपनीत त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. ते खुर्चीत पुढे सरसावून बसले.

"सिद्धांतचं सांगतो. अहो, काय सांगू त्या गाढवाबद्दल. वेळेवर येईल तर शपथ. रात्री शारजाच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलच्या मॅचेस खेळत बसतो, सकाळी डोळे चोळत उगवतो. एकदा अंपायरशी भांडून बसला. नो-बॉल तर विचारूच नका. मी घसा फोडून सांगतो, पाय आत ठेव, पाय आत ठेव. दीड वर्षं त्याच्या मागे लागलोय मी. एक दिवस सोडलेलं नाही त्याला."

बोलता बोलता त्यांचे डोळे चमकत होते. मैदानावरच्या कुठल्याही जुन्या माणसाने हे ऐकलं असतं तर म्हटलं असतं, बुवा, पोरगं भलतंच दिसतंय. वीणा मॅडम मान डोलवत होत्या.

"आणि नीरव?"

"नीरव?" गुणवंतराव खुर्चीत मागे टेकले. "चांगला मुलगा आहे. शिस्तीचा. त्याच्याबद्दल तक्रारीला जागाच नाही."

"थँक यू, सर. तुम्ही माझं काम सोपं केलंत."

बाहेर पडताना गुणवंतरावांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. करामात उतरल्यावर त्यांनी कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून जिलबी घेतली.

"आज काय विशेष?" अनुराधाबाईंनी पान वाढताना विचारलं.

"पोराची नोकरी वाचवली. वीणा मॅडमना सगळं सांगितलं. अर्धा पाऊण तास त्याच्यावरच बोललो."

"काय काय सांगितलंत?"

त्यांनी सांगितलं, अगदी शब्दन् शब्द, हातवारे करून. अनुराधाबाईंचा हात आमटीच्या पळीवर तसाच राहिला.

"आणि त्या दुसऱ्याबद्दल?"

"दोन वाक्यं. चांगला आहे म्हटलं. आणखी काय बोलणार?"

अनुराधाबाई समोर बसल्या. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं त्या स्वयंपाकघरात रडायच्या. आमटीत मीठ जास्त, पोळी जाड, भाजी करपली, रोजचं काहीतरी. मग हळूहळू त्यांना उमगलं की ज्या दिवशी हा माणूस मीठ जास्त म्हणतो त्या दिवशी आमटी दोनदा मागून घेतो, आणि जे घशाखाली उतरत नाही त्याला मुकाट्याने छान म्हणून उठतो. पण त्याला दोन वर्षं लागली होती.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक आहे तुम्हाला काय म्हणायचं होतं. त्या बाईंना कसं ठाऊक असणार?"

गुणवंतरावांच्या हातातला घास हातातच राहिला. जिलबीचा पुडा ओट्यावर तसाच पडून होता. तो कुणी उघडला नाही.

सकाळी हेड ऑफिसात वीणा मॅडमच्या केबिनबाहेर ते सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले. त्या आल्यावर बसलेही नाहीत.

"मॅडम, माझं काल चुकलं. म्हणजे मी बोललो ते खरं होतं, पण त्याचा अर्थ तसा नाही. आमच्यात रागावतात ते... ज्याच्यात दम असतो ना, त्यालाच रागावतात. तो पोरगा हिरा आहे हो."

'हिरा' हा शब्द तोंडातून निघाला आणि त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. असला शब्द त्यांनी जन्मात कुणासाठी वापरला नव्हता.

वीणा मॅडमनी लॅपटॉप बंद केला. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसतही होतं.

"सर, तुमचा जीव आहे त्याच्यावर, हे मला काल कळलंच. म्हणूनच म्हटलं, एवढी माया असूनही खरं बोलताहेत. मी लालवाणी सरांसमोर तुमचेच शब्द ठेवले. अप्रूव्हल कालच झालं. व्हिसा रद्द करायला पीआरओ काल संध्याकाळीच त्याचा पासपोर्ट घेऊन गेलेत."

"थांबवता येणार नाही?"

"आता मी उलटं सांगायला गेले तर ते म्हणतील, तुमचं तुम्हालाच ठरत नाही, तर दोघांनाही काढा, टीमच नको. कालच तसं म्हणत होते. तुमच्यामुळे निदान एक तरी वाचला." त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला. "लेटर गुरुवारनंतर देते. त्याआधी त्याला तुम्ही सांगाल का? मी सांगण्यापेक्षा ते बरं."

गुणवंतरावांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज स्टोअरच्या दारापर्यंत जायचं, आतून सिद्धांतच्या शिट्टीचा आवाज ऐकायचा आणि काहीतरी चलन विसरल्यासारखं करून परतायचं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या झाडावर कुऱ्हाड घातली होती, आणि तीही लाडाने.

शुक्रवारी धुकं होतं. गाडीतून उतरताना गुणवंतरावांना मॅट पसरलेली दिसली. नेट बांधलेलं, स्टंप रोवलेले, मॅटवरची वाळू झाडून साफ केलेली. आणि तिकडे टोकाला सिद्धांत एकटाच हात फिरवत होता. दाढी केलेली, शर्ट आत खोचलेला.

"गुड मॉर्निंग, सर. आज पहिला मीच आलो."

गुणवंतरावांनी गाडीचं दार लावलं.

"स्टोअरमध्ये कळलं, एकालाच ठेवणार म्हणून," सिद्धांत जवळ येऊन म्हणाला. "मी टेनिस बॉल सोडला, सर. आईची शपथ. या आठवड्यात एकदाही गेलो नाही. तुम्ही इतके दिवस घसा फोडताय, म्हटलं आता तरी ऐकावं."

नीरव आला, पॅड बांधून उभा राहिला. बाकीचे एकेक करून जमले. सिद्धांत मागे गेला आणि धुक्यातून धावत आला. पाय क्रीजच्या आत पडला, मान ताठ, हात उंच. चेंडू हवेत बाहेर जातो जातो म्हणता आत वळला आणि मधला स्टंप घेऊन गेला. नीरवची बॅट अजून वरच होती. सिद्धांतने आणखी चेंडू टाकले. एकेक चेंडू मागच्यापेक्षा चांगला, आणि पाय दर वेळी रेषेच्या आत. गुणवंतराव डोळे ताणून खोट शोधत होते. दीड वर्षं त्यांनी याच सकाळसाठी घसा फोडला होता. आता त्याच घशातून रागाचा एक शब्द निघत नव्हता.

सिद्धांत कमरेवर हात ठेवून, धापा टाकत त्यांच्याकडे बघत उभा राहिला. चेहऱ्यावर नेहमीचं हसू. तो शिव्यांची वाट बघत होता.

"छान," गुणवंतराव म्हणाले. "छान टाकलास, सिद्धांत."

ते हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग सिद्धांत चालत जाळीपर्यंत गेला, चेंडू उचलला, सवयीने पँटवर घासला. तो परत फिरला तो गोलंदाजीच्या खुणेकडे गेला नाही. गुणवंतरावांसमोर येऊन त्याने चेंडू त्यांच्या हातात ठेवला.

"कधी जायचंय, सर?"

पलीकडच्या रस्त्यावरून रिकामा ट्रेलर खडखडत गेला. गुणवंतरावांनी चेंडू घट्ट धरला. काहीतरी बोलायला हवं होतं, काहीही, पोराला पुन्हा रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

"आधी ती लेस बांध," ते कसेबसे म्हणाले.

सिद्धांतने खाली पाहिलं. आज दोन्ही लेस बांधलेल्या होत्या.