सात सेंटिमीटरचा स्पंज

एनिड पॅस्कोला वाईट केक जमत नव्हता, हाच तिचा गुन्हा.

समानता कायदा यारंडिल गावात आला तेव्हा कुणी फारशी कुरकुर केली नव्हती. कुणी जरा डोकं वर काढलं की ‘स्वतःला कोण समजते ही?’ म्हणत खाली ओढायचं काम गाव पिढ्यान्‌पिढ्या फुकटात करत आलं होतं. आता त्यावर सरकारी शिक्का बसला, इतकंच. लोकर कातरणाऱ्यांनी दिवसाला शंभराच्या वर मेंढ्या धरायच्या नाहीत, क्रिकेटमध्ये चाळीस धावा झाल्या की मुकाट्याने बाद व्हायचं, आणि शेतकी प्रदर्शनात स्पंज केक सात सेंटिमीटरच्या वर फुगू द्यायचा नाही. सगळ्यांना पहिलं बक्षीस, सगळ्यांना निळी फीत. भांडणं मिटली म्हणून गाव खूश होतं.

एनिडचा केक मात्र नवाच्या खाली उतरायला तयार नव्हता. दोन वर्षांत दोन नोटिसा आल्या होत्या. यंदा तिसरी आली की ओव्हन उचलून नेणार, आणि मग जन्मभर सार्वजनिक जेवणघरातलं ते बेचव मटण आणि उकडलेला भोपळा. बाई एकाहत्तर वर्षांची, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. ओव्हन गेला तर सकाळी उठायचं तरी कशाला, हे तिला खरोखरच कळत नव्हतं. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती.

शेवटी मार्चमध्ये प्रदर्शनाला तीन आठवडे उरले तेव्हा ती नाक मुठीत धरून शेजारी कॉरल टिपेटकडे गेली.

कॉरलचा केक चाळीस वर्षं बसकाच होता. जुन्या काळात तिला कधी तिसरं बक्षीससुद्धा मिळालं नाही. पण कायदा आला आणि बाईचं नशीब फळफळलं. तिचा केक मोजला, बरोबर सात भरला, आणि समानता कचेरीने तो जिल्ह्याचा अधिकृत नमुना ठरवला. भिंतीवर त्याचा फोटो लागला, चौकटीसकट.

“आलीस शेवटी,” कॉरल दारातच म्हणाली. “ये, ये. चप्पल पूस.”

“कॉरल, टोमणे नंतर मार. मला तुझ्यासारखा केक शिकव.”

“माझ्यासारखा म्हणजे वाईट, असंच ना?”

“तसं कुठे म्हटलं मी?”

“चाळीस वर्षं तोंडावर लिहिलेलं आहे तुझ्या. बस, चहा घे. आणि एक ध्यानात ठेव. तुला दोन वेळा माफी असते, मला एकदाही नाही. नमुना चुकला तर सरळ जप्ती. तेव्हा जबाबदारीचं काम आहे हे.”

असं म्हणताना ती छाती पुढे काढून बसली होती. एनिडला हसू आलं आणि रागही आला.

शिकवणी सुरू झाली. कॉरलची पद्धत साधी होती. एनिडने आपल्या रीतीने करायला घ्यायचं आणि कॉरलने दर पायरीला हात धरायचा.

“थांब! पीठ किती वेळा चाळतेस?”

“तीन वेळा.”

“एकदाच. तेही वर्तमानपत्र वाचत. अंडी कुठली ही? बदकाची? अगं बाई, म्हणूनच! आणि हे काय, बोटांनी पीठ मिसळतेस?”

“बोटं फाकवून, खालून वर. म्हणजे हवा मोडत नाही.”

“दाखव बरं परत. नाही, मोडायची कशी ते कळायला नको का मला? परत दाखव.”

एनिड परत दाखवायची, आणि कॉरल डोळे बारीक करून बघायची. मग चमच्याने दणादणा ढवळायला लावायची, ओव्हनचं दार मधेच सताड उघडायला लावायची. पहिला केक आठ झाला, दुसरा साडेसात. तिसऱ्या आठवड्यात एकदाचा साडेसहाचा निघाला, मधोमध खड्डा पडलेला. कॉरलने टाळ्या पिटल्या. एनिड घरी गेली आणि स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून रडली.

प्रदर्शनाच्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये बेचाळीस केक ओळीने मांडले होते. प्रत्येकापुढे नावाचं कार्ड पालथं. मोजणी झाल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही, हा नियम कायद्याच्याही आधीचा, कुणी मोडत नसे. निरीक्षक डेस क्रिल पट्टी घेऊन निघाला. याच गावचा. याला लहानपणी दोघींनी कान धरून घरी पोचवलेलं, त्यामुळे त्याच्या निरीक्षकपणाचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं.

सात, सात, पावणेसात. मग एकोणिसाव्या केकपाशी तो थबकला. पट्टी लावली, परत लावली. दहा! केक कसला, कापसाची उशीच ती. कडा सरळ, रंग सोनेरी, वर पॅशनफ्रूटचं आयसिंग.

शेडमधल्या सगळ्या माना एनिडकडे वळल्या.

“एनिड,” डेस कळवळून म्हणाला, “किती वेळा सांगितलं होतं गं तुला!”

एनिडचा केक एकतिसावा होता, खड्डेवाला. तिने एकोणिसाव्याकडे पाहिलं. तीन वेळा चाळलेलं पीठ. बदकाची अंडी. बोटं फाकवून, खालून वर. मग पलीकडे उभ्या कॉरलकडे पाहिलं. कॉरलचा चेहरा लालबुंद झाला होता.

“हो,” एनिड म्हणाली. “माझाच आहे. उद्या ये ओव्हन न्यायला.”

“खोटं बोलते ही!” कॉरल ओरडली. “उलट ते कार्ड!”

“कॉरल, गप्प बस,” एनिड दातओठ खात म्हणाली.

“तू गप्प बस! डेस, कार्ड उलट म्हणते ना!”

“अगं पण ती कबूल करतेय. उगाच कशाला—”

“उलटतोस का मी उलटू?”

डेसने कार्ड उलटलं. वाचलं, डोळे चोळले, परत वाचलं. “कॉरल टिपेट,” तो कसाबसा म्हणाला. “पण असं कसं होईल? तू तर नमुना आहेस!”

“होते, आता नाही,” कॉरल म्हणाली. “नीट मोठ्याने वाच की. मागच्यांना ऐकू गेलं नाही.”

डेसने परत वाचलं. मग मागून एकाने चुकून टाळी वाजवली आणि लगेच हात खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचा ट्रक आला. दोन माणसं कॉरलचा ओव्हन दारातून बाहेर काढत होती. एनिड कुंपणाशी उभी होती.

“अगं, घरी ठेवायचा होतास तो केक,” ती शेवटी म्हणाली. “आजारी आहे म्हणून कळवायचं. कुणाला पत्ता लागला असता?”

“टिनमधून काढला आणि दहा मिनिटं खुर्चीत बसून बघत राहिले,” कॉरल म्हणाली. “मी केलाय, मी! घरी कसा ठेवणार? तूच सांग.”

एनिडने ट्रकवर चढणाऱ्या ओव्हनकडे पाहिलं.

“आता मला एक सांग,” कॉरल कुंपणाजवळ आली. “खरं सांग हं. काल माझा म्हणालीस ते मला वाचवायला?”

हो म्हणणं सोपं होतं. गावाने रात्रीपासून एनिडच्या मोठ्या मनाचं तसंच कौतुक चालवलं होतं, आणि तिनेही ते ऐकून घेतलं होतं. पण रात्रभर झोप लागली नव्हती, ती कॉरलच्या ओव्हनपायी नव्हे. माझा कधी दहा झाला नाही, नऊच्या वर कधीच गेला नाही, हेच डोक्यात घुमत होतं.

“नाही गं,” एनिड म्हणाली. “मला बघवलं नाही. तुझा माझ्याहून उंच झालेला मला बघवलं नाही, कॉरल.”

कॉरलचे डोळे भरून आले, आणि ती हसायला लागली, पोट धरून, अगदी पोरीसारखी.

“परत म्हण,” ती म्हणाली.