आखडता घाट

नवी गाडी आणल्यापासून कुंभार्ली घाट लहान होत चालला आहे. पहिल्या रविवारी चार-पाच वळणं कमी भरली. मला वाटलं, माझंच लक्ष नसेल.

दर रविवारी चिपळूणहून पाटणला, बायकोच्या बहिणीकडे, शैलाताईंकडे, जेवायला जायचं हा आमचा जुना शिरस्ता. जुनी गाडी सदतीस अश्वशक्तीची, म्हणजे शक्ती नावालाच. पोफळी मागे पडली की मी म्हणायचो, "चढ आला, एसी बंद कर." हेमलता एसी बंद करायची, काच खाली करायची आणि बोलायला लागायची. घरी ती फारसं बोलत नाही. 'हो', 'नाही' आणि 'जेवायला चला', बस्स. बाकीचं सगळं घाटासाठी साठवून ठेवते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढायची, मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खायचे, आणि ही माझ्या खांद्यावर चापट मारत, हसत काहीबाही सांगत राहायची. गाडीत दम नाही म्हणून चालवायला मजा येत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

नवी गाडी दोनशे अश्वशक्तीची. पहिल्या चढाला हेमलताचा हात सवयीने एसीच्या बटणाकडे गेला. मी ऐटीत म्हणालो, "राहू दे. ही एसीवर चढते." तिने हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी काय म्हणत होते, आपण दोघांनी आता..." तेवढ्यात पाटण आलं.

पुढच्या रविवारी 'आपण दोघांनी'पर्यंत पोचली. त्याच्या पुढच्या रविवारी 'आपण'पर्यंतच. काय ते घरी सांग म्हटलं, तर म्हणाली, घरी नाही सांगता येत. आपण दोघांनी आता काय? वेगळं व्हायचं, काशीला जायचं की कुत्रा पाळायचा? माझी झोप उडाली.

शोरूममध्ये जाऊन भांडलो. तिथला टायवाला मुलगा शांतपणे म्हणाला की घाट आखडणारच, एवढी ताकद कुठेतरी खर्ची पडायला हवी ना. हळू चालवून पाहिलं, बैलगाडीच्या मागे राहून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मी पाय कितीही उचलला तरी आत काय बसवलंय ते घाटाला कळत होतं. तिसरा गिअर टाकायला हात न्यावा, तर समोर शैलाताईंचं फाटक.

आणि आमचा शेजारी खोत, ज्याला मी जुनी गाडी हसत हसत देऊन टाकली, तो संध्याकाळी कोपर खिडकीबाहेर काढून परत यायचा. घाटात माकडं कुठे बसली होती, कणीस कुठे खाल्लं, सगळं रंगवून सांगायचा. त्याच्या घाटातलं एकही वळण कमी झालं नव्हतं. ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी लाज सोडून मी गाडी परत मागितली.

"गाडी नाय देणार," खोत म्हणाला. "वहिनींना यायचं असेल तर जागा आहे."

आज सकाळी मी आमचं फाटक उघडलं तर त्याला लागूनच शैलाताईंचं फाटक होतं. मध्ये जेमतेम गाडी मावेल एवढीच जागा. पलीकडे ओट्यावर शैलाताई तव्यावर भाकरी टाकत होत्या. मी गाडी सुरू केली.

हेमलता म्हणाली, "मी..."

"पोचलात," शैलाताई म्हणाल्या.

हेमलताने पट्टा सोडला. दार पुरतं उघडेना, तशी अंग चोरून उतरली. बहिणीकडे गेली नाही. शेजारच्या फाटकासमोर खोत गाडी तापवत उभा होता, त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि काच खाली केली.

"तुम्ही जेवून घ्या," ती मला म्हणाली. "आम्हाला वेळ लागेल."

मी त्यांच्या मागे निघायला गेलो. पुढे शैलाताईंचं फाटक, मागे माझं. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. इंजिन गरजलं, चाकं जागच्या जागी फिरली, रबराचा वास सुटला. शैलाताईंनी भाकरी उलटली.

मग मी एसी बंद केला आणि काच खाली केली. वरून, पार डोंगरातून, दुसऱ्या गिअरचं ओळखीचं रडगाणं ऐकू आलं. त्यावर हेमलताचा आवाज, मोकळा, अगदी स्पष्ट.

"मी काय म्हणत होते," ती सांगत होती, आणि गाडी पहिल्या वळणाआड गेली.