पिक्चर कसा आहे हो?

मित्रांनो, मी एक जुना, काळा, तबकडी फिरवायचा टेलिफोन आहे. माझी घंटा आता वाजत नाही. वाजत होती तेव्हा मात्र तिच्या पहिल्या ठोक्याला सगळ्यांच्या आधी माझ्याच पोटात गोळा यायचा. टेलिफोनला कसली आली आहे भीती, असे तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या अंगातून दिवसभर दुसऱ्यांच्या बातम्या जातात, त्याच्याइतके भित्रे जगात कोणी नसते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साच्यात तापवून आणि दाबून माझे अंग घडवले. पोटात तारा आणि घंटा बसवल्या. शेवटी पांढरा डगला घातलेल्या एका बाईंनी रिसीव्हर उचलला, "हॅलो" म्हटले आणि मान डोलावली. मी पास झालो.

तिथून माझी रवानगी झाली एका सिनेमा थिएटरच्या तिकीट खिडकीत. ती खोली म्हणजे उभे लाकडी खोकेच होते. समोर काच, काचेला हात जाईल एवढे भोक, एक उंच स्टूल आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. स्टुलावर बसत तिकीटताई. त्यांना सगळे ह्याच नावाने ओळखत. नवा सिनेमा लागला की ताई पहिला खेळ मागे उभ्या राहून स्वतः बघत. मग माझी घंटा वाजायला लागे.

"ताई, पिक्चर कसा आहे हो?"

"रुमाल घेऊन या. एक नको, दोन आणा."

किंवा, "झोप काढायची असेल तर या. पंखे चांगले आहेत आमचे."

ताई कधी खोटे बोलल्या नाहीत, म्हणून लोकांचा माझ्यावरही विश्वास बसला. थिएटरचे मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "आमचा फोन म्हणजे सोळा आणे खरा!" मित्रांनो, त्या दिवसांत ताई मला रोज मऊ फडक्याने पुसत. माझ्या अंगात पंख्याची पाती दिसत.

मग दिवस पालटले. लोकांच्या खिशात फोन आले. मला विचारणारे कमी झाले. तबकडीच्या भोकांत धूळ साचली. प्रेक्षकही रोडावले. कधी कधी तर एवढ्या मोठ्या थिएटरात दहा माणसे आणि दोन मांजरे असत. मालकांनी माझ्याकडे बघणे सोडले. मी मात्र त्यांच्याकडे बघत असे, कारण त्यांच्या तोंडून "भंगार" हा शब्द फार वेळा निघू लागला होता.

अशात एक नवा विनोदी सिनेमा लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी मालक खिडकीच्या खोलीत शिरले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई, हा आठवडाभर टिकला नाही, तर थिएटरला टाळं. कुणी विचारलं तर एकच सांगायचं, हसून हसून पोट दुखेल. पुढे एक अक्षर नाही. नाहीतर आधी हा डबा भंगारात जाईल."

डबा म्हणजे मी. मालक वाईट नव्हते हो. पण घाबरलेला माणूस आणि वाईट माणूस कधी कधी एकसारखेच बोलतात.

नेमकी तेव्हाच माझी घंटा वाजली. ताईंनी रिसीव्हर उचलला. मालक तिथेच उभे राहिले.

"तिकीटताई ना? मी मागच्या गल्लीत राहते, शिवणकाम करते. तो नवीन विनोदी पिक्चर बघण्यासारखा आहे का हो?"

ताईंनी मालकांकडे पाहिले. "हसून हसून..." त्यांचे शब्द तिथेच अडकले.

"खरं सांगा, ताई. वडिलांना आणायचंय. परवा त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्रच काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल, पण आवाज जाईल. बोलण्याचाही आणि हसण्याचाही. ते म्हणतायत, जायच्या आधी एकदा खदाखदा हसून घेऊ दे. उद्या संध्याकाळी दाखल व्हायचंय. तीनचा खेळ तेवढा हातात आहे. तो वाया गेला तर?"

माझ्या तारा गार पडल्या. हो म्हटले तरी आणि नाही म्हटले तरी, एका माणसाच्या हसण्याची शेवटची दुपार माझ्यातून जाणार होती.

ताईंनी डोळे मिटले. "मग खरंच सांगते. पिक्चर वेडगळ आहे. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा."

मालकांचे बोट चटकन माझ्या अंगावर आले. रिसीव्हर ठेवतात ना, तिथे एक बटण असते. ते खाली गेले की बोलणे तुटते. मालकांनी बोट त्यावर टेकवले, थोडे दाबलेही. आता संपले, असे मला वाटले.

तेवढ्यात पलीकडून एक फाटका, घोगरा आवाज आला. माझा रिसीव्हर जुना असल्यामुळे आवाज बाहेरपर्यंत ऐकू जाई.

"दे गं इकडे. हॅलो, मी बोलतोय. तीस वर्षं बस चालवली. हॉर्नची गरज लागायची नाही, असा आवाज होता माझा. आता हा असा झालाय. ताई, पिक्चर शहाणा नसू दे. हसू येतं का, तेवढं सांगा."

 मालकांचे बोट हळूच उचलले गेले.

"पहिला तास नाही येत," ताई म्हणाल्या. "पण मध्यांतरानंतर पुतळ्याचा एक प्रसंग आहे. दोघा भावांच्या हातून साहेबाचा पुतळा फुटतो. मग थोरला धाकट्याला चुना फासतो आणि चौथऱ्यावर उभा करतो. मोठा साहेब फीत कापायला येतो. आणि पुतळ्याच्या नाकावर बसतं कबूतर."

"पुढे?"

"पुतळ्याला शिंक येते. साहेब दचकून मागे वळतो, तर पुतळा म्हणतो, 'माफ करा, साहेब, गार वारा सुटलाय!'"

 पलीकडे थंडीत बिघडलेली बस चालू करावी तशी घरघर सुरू झाली. म्हातारबाबा हसत होते! हसता हसता खोकला आला, खोकल्याचा ठसका झाला, आणि रिसीव्हर कशावर तरी आदळला.

"बाबा! पाणी घ्या! बाबा!"

मग शांतता. मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ वाईट बातम्या वाहिल्या. पण त्या वेळेइतका जड वेळ मला कधी गेला नाही. ताईंच्या तळहाताचा घाम माझ्या अंगावर उतरत होता. मालक रिसीव्हरपाशी कान नेऊन वाकले होते.

"हॅलो, ताई?" लेक म्हणाली. "बरे आहेत. डोळे पुसतायत."

"नका आणू हो त्यांना," ताई काकुळतीने म्हणाल्या. "अंधारात असं काही झालं तर?"

पुन्हा तो घोगरा आवाज आला. "ताई, परवाची भीती पुरेशी आहे मला. त्यात उद्याची कशाला घालता?"

दुसऱ्या दिवशी ते आले. गळ्याभोवती मफलर, खांद्यावर लेकीचा हात. मालकांनी स्वतः त्यांना दाराजवळच्या खुर्चीवर नेऊन बसवले आणि तिथेच पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले. मी खिडकीतून थिएटरच्या भिंतीकडे कान लावून होतो. पहिला तासभर काही ऐकू आले नाही. ताई एकाच तिकिटाची कड दुमडत होत्या. मध्यांतर झाले, सरले. आणि मग भिंतीपलीकडून ती घरघर आली. तिच्यामागून कुणी एक हसले, मग चार जण, मग जेवढे होते तेवढे सगळे.

खेळ सुटल्यावर म्हातारबाबा खिडकीशी वाकले. "ताई, पिक्चर अगदी टुकार आहे हो!" आणि काच धरून पुन्हा हसले. हसू थांबल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. लेकीने त्यांचा हात धरला आणि ते रिक्षाकडे चालू लागले.

सिनेमा आठवड्याच्या आतच उतरला. थिएटर बंद करायचे ठरले. पण ताई मात्र फोनपासून हलत नव्हत्या. रोज त्या माझ्याकडे बघत आणि मी गप्प. घंटा वाजावी असे वाटे, आणि वाजली तर काय ऐकावे लागेल, या धास्तीने वाजू नये असेही वाटे.

दहाव्या दिवशी ती वाजली.

"ताई, ऑपरेशन झालं. धोका टळलाय. त्यांना तुमच्याशी... म्हणजे, त्यांच्या कानाला लावते हं."

पलीकडे शब्द नव्हता. ऑपरेशनमध्ये गळ्याला पाडलेल्या छिद्रातून हवा येते-जाते तेवढी बारीक सुरसुर होती.  बोलायचे काय? मग ताई म्हणाल्या, "बाबा, मागे एकदा शेजारच्या थिएटरात एक पिक्चर पाहिला. त्यातला नवरा सासूला घाबरून पिंपात लपतो. त्याच पिंपात आधीच सासरा बसलेला असतो!"

सुरसुर थांबली.  मग तिकडून हवेचे छोटे छोटे झोत येऊ लागले, एकामागून एक, तुटक तुटक.

लेक ओरडली, "ताई, खांदे हलतायत! हसतायत हो!"

ताई अर्धा तास बोलत होत्या. हशाच्या जागी त्या थांबत आणि झोत संपला की पुढे सांगत. मालक दारात उभे राहून ऐकत होते. थिएटरला टाळे लागले त्या दिवशी मला भंगारात न घालता त्यांनी ताईंच्या पिशवीत ठेवले. आता मी ताईंच्या घरी कपाटावर असतो.

मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. पण एवढे करा. कुणी भीत भीत काही विचारले तर खरे सांगा आणि मायेने सांगा. आणि कधी फोन उचललात आणि पलीकडून कुणीच बोलले नाही, तर लगेच आदळून ठेवून देऊ नका. जरा थांबा. तिकडे कदाचित कुणी हसत असेल.