हात पुसून सही

कापड रंगवायच्या त्या कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक कधी भरतच नसे. इतिवृत्त मात्र दर वेळी तयार! सासरे अध्यक्ष, थोरला मुलगा संचालक, आणि सासू-सून? अहो, त्याही संचालक. स्वयंपाकघरात कागद यायचा. सासरे बोट ठेवतील तिथे दोघींनी हात पुसून सही करायची. अशा ‘घरच्या’ कंपन्या किती चालतात, ते विचारूच नका.

त्या सकाळीही सासऱ्यांनी कागद ओट्यावर ठेवला. "सूनबाई, इथे कर. मला निघायचंय."

सुनेने हात पुसले आणि आज चक्क कागद वाचायला घेतला. ‘बॉयलरची दुरुस्ती हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलावी, असे सर्वानुमते ठरले.’

"हे कधी ठरलं?"

"अगं, नेहमीचंच आहे," नवरा म्हणाला. "कर ना सही."

"बाबा, काल फोनवर तुम्हीच म्हणत होतात, वाफ सोडायचा व्हॉल्व्ह अडकतोय. बॉयलर फुटला म्हणजे?"

"इतकी वर्षं फुटला नाही, तो आत्ताच फुटणार?" सासरे कडाडले. "कारखाना बंद ठेवू? ऑर्डरी काय तुझे वडील पुऱ्या करणार?"

 तिने पेन उचललं नाही. "बाबा, तिथे माणसं उभी असतात. मी सही करणार नाही."

"नको करूस! तिघं पुरे आहेत." त्यांनी कागद बायकोपुढे सरकवला. "तू कर गं."

सासूबाईंनी आजवर एकही कागद वाचला नव्हता. सवयीने पेन घेतलं, आणि त्या थबकल्या. "धाकटा कुठे गेलाय?"

"कुठे म्हणजे? कारखान्यात. आज बॉयलरवर तोच आहे," सासरे म्हणाले.

 आज पोटचा पोरगा तिथे उभा आहे म्हणून सासूबाईंचा जीव कासावीस झाला. इतके दिवस दुसऱ्यांची पोरं उभी होती, तेव्हा? हा प्रश्न त्यांना डाचला, आणि डाचायलाच हवा होता. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फोन उचलला.

"अगं, काय करतेस? लोक हसतील!"

"हसू देत."

पलीकडून धाकट्याचा आवाज आला. त्या म्हणाल्या, "बॉयलर थंड कर. आधी सगळ्यांना बाहेर काढ, आत्ताच."

"बाबांनी सांगितलंय?"

सासूबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही. मी सांगतेय. मीही संचालक आहे."