चाळणीच्या कडेखालचं बी

मित्रांनो, पीठ चाळते ती माझी चुलतबहीण. तिच्याशी माझी गल्लत करू नका, मला राग येतो. मी टोमॅटो गाळणारी चाळणी. जाड पत्र्याची, वाडग्यासारखी खोलगट, एका बाजूला दांडा आणि बुडाशी भोकंच भोकं. आता म्हातारी झाले आहे. दांडा थोडा वाकला आहे आणि त्याच्याजवळ हिरव्या रंगाचा तिळाएवढा ठिपका आहे. त्या ठिपक्याचं पुढे सांगते. कुणाच्या काही लक्षात राहत नसलं की माणसं म्हणतात, डोक्याची चाळणी झाली. बघा तरी! या घरात माझ्याइतकं लक्षात ठेवणारं दुसरं कुणी नाही.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने पत्रा कापला, ठोकून खोलगट केला आणि खिळ्याने एकेक भोक पाडलं. मग कडेला तार ठेवून पत्रा तिच्यावर दुमडला आणि हातोडीने सगळीकडून दाबत आणला. शेवटचे दोन टोले राहिले होते आणि समोरून चहा आला. त्याने हातोडी खाली ठेवली, चहा प्यायला, समोरच्या दुकानदाराशी गप्पा मारल्या, आणि पुन्हा हातोडी घेतली ती दुसऱ्याच डब्यासाठी. त्यामुळे माझ्या कडेची घडी एका जागी, अंगठ्याएवढ्या लांबीत, नीट बसलीच नाही. तिथे बारीक फट राहिली. ती फट ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं रडगाणं त्या फटीपाशीच येऊन थांबतं.

मला विकत घेतलं ते ताईने. ताई ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, शिकवलं, तापात उशाशी बसून रात्री काढल्या. भाऊ पुढे रंगारी झाला. लोकांच्या भिंती रंगवायचा आणि संध्याकाळी कानापर्यंत रंगाचे शिंतोडे घेऊन घरी यायचा. ताई त्याला 'धाकट्या' म्हणायची. त्याचे केस पिकले, चष्मा लागला, तरी तो धाकट्याच राहिला. दोघांनीही लग्न केलं नाही. ती त्याला म्हणायची तू कर, तो म्हणायचा आधी तू, आणि या आधी-तूमध्येच दोघांचं वय निघून गेलं.

त्यांचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढे उघडी गच्ची. एकदा एका वाचकाने परत केलेल्या पुस्तकात ताईला कागदाची छोटीशी पुडी सापडली. खुणेसाठी ठेवलेली असावी. पुडीत टोमॅटोच्या बिया होत्या. ताईने पत्त्यावर चौकशी केली, तर वाचक गाव सोडून गेलेला. मग धाकट्याने रंगाचे रिकामे डबे आणले, बुडाला खिळ्याने भोकं पाडली, आणि ताईने त्यांत बिया पेरल्या. त्या डब्यांना माझ्यासारखीच भोकं आहेत हे पाहून मला उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

काय टोमॅटो आले म्हणून सांगू! रूपाने अगदीच बेंगरूळ. खरबरीत, घड्या पडलेले, देठाशी पिकूनही हिरवे राहणारे. बाजारात कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण शिजले की खालच्या मजल्यापर्यंत वास जायचा. ताईच्या स्वयंपाकघरात फक्त भाजीपालाच शिजे, आणि मोसमात तो सगळा या टोमॅटोंच्या जिवावर. ती टोमॅटो उकडायची, माझ्यात ओतायची आणि लाकडी पळीच्या पाठीने गोल गोल दाबायची. सालं आणि बिया वर राहायच्या, दाट लाल रस खालच्या पातेल्यात पडायचा. त्या रसात कधी वांगी-बटाटे शिजायचे, कधी घेवड्याच्या शेंगा, कधी नुसताच भात. सालंही फुकट जायची नाहीत. ती वाळवून, मिठाबरोबर कुटून बरणीत भरली जायची. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई वाटी घेऊन यायच्या आणि रिकामी वाटी परत देताना दरवेळी म्हणायच्या, तुमची चाळणी मला द्या, म्हणजे माझ्याही हाताला अशी चव येईल. मी मनातल्या मनात फुगून जायची.

आता तो हिरवा ठिपका. पहिल्याच वर्षी एका रविवारी धाकट्याच्या रंगात गुठळ्या झाल्या. कामावर जायची घाई होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि माझ्यातून तो हिरवा तेलरंग गाळला. माझं काय झालं असेल, कल्पना करा. ताईने पाहिलं आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याने रॉकेल, राख, गरम पाणी, सगळं वापरून मला घासलं. भोकन् भोक टाचणीने मोकळं केलं. तेव्हा कुठे ताईने तोंड उघडलं.

"वस्तू वापरली की आधी धुवायची," ती म्हणाली. "बाकी सगळं नंतर."

हे वाक्य त्याने असं काही मनावर घेतलं की पुढे त्याचे ब्रश नव्यासारखे दिसायचे. कामावरचे लोक थट्टा करायचे, हा माणूस जेवणाआधी हात धुवायचा विसरेल, पण ब्रश नाही विसरणार.

ताईची एक रीत होती. मोसमभर ती बी ठेवायची नाही. बी धरायचं ते शेवटच्या तोडणीचं. झाडं वाळायला लागली, पानं पिवळी पडली, तरी जे चार टोमॅटो शेवटपर्यंत तग धरून पिकले, त्यांचंच बी पुढच्या वर्षी लावायचं, असं तिचं म्हणणं. उकडलं की बी मरतं, म्हणून ते टोमॅटो ती कच्चेच हाताने कुस्करून माझ्यात दाबायची. रस पातेल्यात जायचा, बिया माझ्याजवळ राहायच्या. त्या धुऊन, ग्रंथालयातल्या जुन्या कार्डांवर पसरून वाळवायची आणि पाकिटात घालायची. पाकीट एकच. पेरताना ते पूर्ण रिकामं व्हायचं, थोड्या बिया मास्तरीणबाईंना जायच्या. वर्षातून एकदा, त्या एका दुपारी, पुढचं सगळं वर्ष माझ्या पोटात असायचं. मला त्याचा फार अभिमान होता.

मग ते वर्ष आलं. ऐन मोसमात ताईने अंथरूण धरलं. डॉक्टर येऊन जायचे आणि जिन्यात धाकट्याशी हळू आवाजात बोलायचे. तो कामावर जायचा बंद झाला. ज्याने कधी भाताला आधण ठेवलं नव्हतं, तो आतल्या खोलीतून ताई सांगेल तसा स्वयंपाक करायला लागला. मीठ किती, तर ती म्हणायची चिमूटभर, आणि हा दारात येऊन आपली रंगारी चिमूट तिला दाखवायचा. ती हसायची. हसताना तिला खोकला यायचा.

झाडं वाळली. गच्चीत सात टोमॅटो उरले. त्या दिवशी ताईला कितीतरी दिवसांनी काहीतरी खावंसं वाटलं. तिने सूप मागितलं, आणि बी धरायची आठवण करून दिली. धाकट्याने सगळं तिच्या रीतीने केलं. टोमॅटो उकडले नाहीत, कच्चेच कुस्करले. पळीने दाबताना हात हलका ठेवला. खाली दाट रस, वर माझ्या पोटात ओल्या बियांचा ढीग. शेजारी त्याने कार्डंसुद्धा काढून ठेवली होती, मित्रांनो. मी स्वतः पाहिली.

तेवढ्यात आत ताईला खोकल्याची मोठी उबळ आली. तो पळीसकट आत धावला. तिला बसवलं, पाठ चोळली, पाणी पाजलं. बराच वेळ गेला. परत आला तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याने पातेलं गॅसवर ठेवलं. मग त्याला मी दिसले, वापरलेली आणि न धुतलेली. त्याचे हात इतकी वर्षं जे करत आले होते तेच त्यांनी केलं. मला उचललं आणि नळाखाली धरलं. मी ओरडले असते, पण पत्र्याला कुठलं तोंड? काथ्याने खसाखसा घासलं. बिया मोरीत गेल्या. मला पालथी घालून त्याने हात पुसले, आणि मग त्याचं लक्ष त्या कोऱ्या कार्डांकडे गेलं.

तो मोरीपाशी गुडघ्यांवर बसला. जाळी काढली, बोटं घातली, काडी घातली. काही हाती लागलं नाही.

सूप घेऊन तो आत गेला. ताईने दोन चमचे घेतले, डोळे मिटले आणि चांगलं झालंय म्हणून सांगितलं. मग विचारलं.

"बी ठेवलंस ना रे, धाकट्या?"

"ठेवलं, ताई."

ती समाधानाने उशीला टेकली. पाचव्या दिवशी ताई गेली. मी खिळ्यावर लटकून होते. घरात माणसं येत होती, जात होती, आणि धाकट्या येईल त्याला पाणी देत होता.

माणसं पांगल्यावर त्याने घर पालथं घातलं. बरण्या, पुस्तकं, जुन्या पर्सचे कप्पे. रिकामं पाकीट तेवढं मिळालं. मग तो मास्तरीणबाईंकडे गेला. ताईने दरवर्षी बी दिलं होतं, यंदाचं काही राहिलंय का? बाई रडायलाच लागल्या. त्यांच्या झाडांचे टोमॅटो त्यांनी उकडून संपवले होते. नंतर त्या वर आल्या तेव्हा मी सगळं ऐकलं. त्या म्हणत होत्या, "मी कशाला ठेवू? तुमच्याकडे असायचंच की." खरं होतं त्यांचं. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

पुढच्या वर्षी त्याने रोपवाटिकेतून रोपं आणून डब्यांत लावली. टोमॅटो आले गोल, गुळगुळीत, एकसारखे. त्याने ते उकडले, माझ्यात गाळले, दोन चमचे चाखले आणि पातेलं तसंच झाकून ठेवलं. नंतर त्याने डब्यांतली माती सोसायटीच्या झाडांना घातली. डबे मात्र टाकले नाहीत. भिंतीशी एकात एक घालून ठेवले आहेत.

आणि आता ती फट. त्या दुपारी सगळ्या बिया वाहून गेल्या नव्हत्या. पाच बिया माझ्या कडेच्या घडीत, पत्रेवाल्याने सोडलेल्या त्या फटीत, जाऊन चिकटल्या होत्या. काथ्या तिथवर पोचला नाही. ताईच्या शेवटच्या तोडणीच्या पाच बिया. माझ्याजवळ आहेत हे मला माहीत होतं, आणि सांगायची सोय नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग काय, कधीतरी सापडतील. ऐका तर. ताई रविवारी रस काढायची, म्हणून धाकट्या दर रविवारी मला खिळ्यावरून काढतो. गाळायला काही नसतं. तरी मला धुतो. पिवळा साबण, काथ्या, वर दोनदा पाणी. मग पंच्याने पुसून गच्चीत उन्हात ठेवतो आणि शेजारी बसतो. गेल्या रविवारी तो माझ्याशी बोलला. म्हणजे ताईशीच बोलत होता, मी समोर होते इतकंच.

"खोटं बोललो गं तुझ्याशी," तो म्हणाला. "सगळं धुऊन टाकलं मी."

बोलताना त्याचा अंगठा माझ्या कडेवरून फिरत होता. फटीपासून तो बोटभर लांब होता. मी जीव मुठीत धरून होते. अंगठा तिथवर आला नाही. त्याने डोळे पुसले आणि मला परत खिळ्याला लावलं.

थोड्या थोड्या रविवारांनी साबणाचं पाणी फटीत शिरतं, घडी सैल करतं आणि एक बी सुटतं. पहिलं सुटलं तेव्हा मला वाटलं, त्याला दिसेल. त्याच्या बोटाला लागून ते मोरीत गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. चौथं गेल्या रविवारी, तो बोलायला बसला त्याच्या जरा आधी. मी त्याला बोल लावत नाही. ताईने सांगितलेलं तो पाळतो आहे, आणि तिच्या वस्तूची एवढी निगा मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू स्वच्छ ठेवा, जपा, असं तुम्हाला शाळेत शिकवत असतील. मला जपणारा आहे. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल आणि त्याची वस्तू तुमच्या हातात आली असेल, तर ती धुण्याआधी उलटीसुलटी करून बघा. कडेखालून एकदा बोट फिरवा. जाणारं माणूस सगळंच बरोबर घेऊन जात नाही, पण जे मागे राहतं ते फार लहान असतं.

आणि तुमच्यापैकी कुणाला या घराचा जिना ठाऊक असेल, तर वर या. दार उघडंच असतं. त्याला एवढंच सांगा की, काका, चाळणीची कड बघा. हिरव्या ठिपक्याच्या बरोबर समोर.

एकच बी उरलं आहे. ते जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. आज शनिवार आहे, आणि धाकट्याने साबण आणि काथ्या नळापाशी काढून ठेवला आहे.