भागूजीची निवड

वाल्मीकने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला आणि शेवटी खिशात टाकून तो मंचाच्या पायऱ्या चढू लागला. कॅप्टन वज्रधरला चष्मा नव्हता. एकसष्ट पुस्तकांत एकदाही नव्हता, आणि हे वाल्मीकपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? एकसष्टच्या एकसष्ट त्याच्याच हातची.

म्हणजे रचलेली मोतीलाल नानांनी. नाना सांगायचे आणि हा उतरवून घ्यायचा. शाळेतली कारकुनी आटोपली की रोज संध्याकाळी पाच ते सात, अशी अठ्ठावीस वर्षं. भुयारं, दरोडेखोर, सातपुड्यातल्या चोरवाटा. बसस्टँडच्या स्टॉलवर ही पुस्तकं दोरीला टांगलेली असत, आणि बस पारोळ्याला पोचेपर्यंत लोक ती वाचून संपवत. आता त्याच कॅप्टनवर सिनेमा निघत होता. पुण्याचा सुहास नावाचा तरुण दिग्दर्शक धुळ्यात उतरला होता आणि देवपुरातल्या एका हॉलमध्ये सकाळपासून माणसं पारखत बसला होता. साल एक्क्याण्णव, त्याला जुना तरणाबांड वज्रधर नको होता. वीस वर्षं गप्प बसून पुन्हा बंदूक उचलणारा, केस पिकलेला वज्रधर हवा होता. वय पन्नास ते पंचावन्न, असं जाहिरातीत छापलं होतं.

वाल्मीक बावन्न वर्षांचा होता. आणि मुख्य म्हणजे वज्रधर तोच होता.

हे काही त्याच्या डोक्यातलं खूळ नव्हे. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर नानांनी सांगितलं होतं, "डाव्या भुवईवर तलवारीची तिरपी खूण," आणि लिहिता लिहिता वाल्मीकचं बोट स्वतःच्या भुवईवर गेलं होतं. लहानपणी विहिरीच्या कठड्यावर आपटला होता तो. खोक भरून आली, खूण राहिली.

"नाना, ही तर माझी."

"मग कोणाची? तुला बघूनच सुचला हा गडी. लिही."

तेव्हा वाल्मीक चोवीस वर्षांचा, उंचापुरा, खांद्याने भरलेला होता. त्या एका वाक्यावर त्याने अठ्ठावीस वर्षं काढली. बदल्यात कधी काही मागितलं नाही. आपण कॅप्टन आहोत हे त्याला पुरत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

चष्म्याविना तिसरी पायरी दिसली नाही. वाल्मीक ठेचकाळला आणि पडद्याला धरून कसाबसा सावरला. हॉलमध्ये खसखस पिकली. पुढच्या रांगेत सुहास होता, आणि शेजारी काळ्या चष्म्यातले नाना. काचबिंदूने दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली होती, पण नायक निवडताना आपण हजर हवंच असा त्यांचा हट्ट होता.

"काका, गुहेच्या तोंडाशी कॅप्टन सहा जणांना अडवतो तो प्रसंग घेऊ," सुहास म्हणाला. "कागद देऊ का?"

"कागद कशाला? मीच लिहिलाय तो."

वाल्मीकने छाती पुढे काढली. हात उगारला.

"खबरदार! वज्रधरची बंदूक दोनदा विचारत नाही!"

काय घुमलं होतं हे वाक्य घरी न्हाणीघरात! आणि इथे? उद्या शाळेला सुट्टी राहील, अशी सूचना वाचावी तसं निघालं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वाल्मीकचा हात आपसूक खिशात गेला, चष्मा बाहेर आला, सदऱ्याचं टोक बाहेर आलं आणि पुसणं सुरू झालं.

सुहास खुर्चीवरून उठलाच.

"नाना! अहो, हा तर भागूजी!"

भागूजी म्हणजे कॅप्टनचा नोकर. पुस्तकात तो असायचाच. गोळ्या सुटायला लागल्या की हा चष्मा पुसत म्हणणार, 'कॅप्टन, तुम्ही पुढे व्हा, मी मागची बाजू सांभाळतो,' आणि तिथे वाचकांची हसून मुरकुंडी वळणार. अर्धं गिऱ्हाईक त्या भित्र्या भागूजीसाठीच पुस्तक घ्यायचं.

"चष्मा पुसतोय, नाना! अगदी तसाच! कुठे सापडला तुम्हाला हा माणूस?"

"सापडतोय कुठे?" नाना खुशीत म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं माझ्यासमोर बसून लिहितोय. बघून बघूनच तर भागूजी झाला."

झालं! हॉल नुसता फुटला. मागून शिट्टी आली. "भागूजी, मागची बाजू सांभाळा!" असं कोणीतरी ओरडलं आणि मग दहा जण ओरडले.

"मी कॅप्टनसाठी आलोय," वाल्मीक म्हणाला.

तो हे अगदी मनापासून म्हणाला, आणि तेच नडलं. सुहासला वाटलं, गडी सोंग वठवतोय. त्याने डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. त्याच्यामागे सगळ्यांनी वाजवल्या. वाल्मीक खाली मान घालून मंचावर उभा राहिला. पळून जावं असं त्याला फार वाटलं, पण पळाला असता तर ते आणखी हसले असते.

कॅप्टन म्हणून तोताराम नावाचे कवायतीचे मास्तर निवडले गेले. छाती भरदार, आवाज खणखणीत, नाव ठेवायला जागा नाही. फोटो काढायच्या वेळी सुहासने वाल्मीकला हाक मारली.

"काका, जरा इकडे बसा. तुमच्या भुवईवर कॅप्टनसारखी खूण आहे, बरी सापडली. मेकअपवाल्याला नमुना लागतोय."

मेकअपवाल्याने वाल्मीकची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. त्याच्या भुवईकडे बघत बघत त्याने तपकिरी काडीने तोताराम मास्तरांच्या भुवईवर तिरपी रेघ ओढली. अर्धा तास लागला. मास्तर भले माणूस, मध्येच म्हणाले, "भाऊ, तुम्हाला अवघडलं तर सांगा." वाल्मीक नको नको म्हणाला आणि हलला नाही.

घरी त्याची बायको द्रौपदाबाई दारातच उभी होती. सदरा तिनेच इस्त्री करून आणला होता.

"भेटनं का काम?"

"भेटनं. भागूजीनं."

"मंग!" तिचा चेहरा उजळला. "मी तेच म्हने, दुसरं कोनतं भेटी? त्यो तर तुम्हीच शेतस!"

वाल्मीक चप्पल काढता काढता थांबला.

"तुले कोनी सांगं?"

"सांगाले काय लागस? बठ्ठी गल्लीले माहीत शे. बेबी वाचीसन दाखाडे नि आम्ही मायलेकी हसी हसी मरूत. माले वाटे, मानूस कितला मोठा मनना शे. सोतावरच लिखस नि सोताच हसस." मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिचा आवाज खाली आला. "तुम्हले माहीत नव्हतं?"

"माहीत व्हतं ना," वाल्मीक म्हणाला आणि हातपाय धुवायला आत गेला.

गल्लीतली पोरं त्याला भागूजी म्हणत. शाळेत हेडमास्तरही तेच म्हणत. आपण पुस्तकं लिहितो त्याचं हे कौतुक, असं समजून तो इतकी वर्षं त्यांना हसून हात करत आला होता. जेवताना त्याला ते सगळे हात आठवले. भाकरी चावली जाईना. द्रौपदाबाईने पुन्हा वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या सुमारास तो नेहमीसारखा पांझरेच्या पुलावरून देवपुरात नानांकडे निघाला. जाऊ नये असं त्याने दिवसभरात शंभरदा ठरवलं होतं. पुलाच्या मध्यावर त्याला एकदम आठवलं की भागूजीचं ते नेहमीचं वाक्य कुठलं आहे, आणि तो कठड्याला धरून थांबला.

अडुसष्ट साल. सरकारी दवाखाना. आत खाटेवर त्याचे वडील शेवटच्या घटका मोजत होते आणि "वाल्मीक, वाल्मीक" म्हणून हाका मारत होते. बाहेर व्हरांड्यात तो आणि थोरला भाऊ मगन. वाल्मीकच्याने आत जाववेना. मरण बघायची त्याला भीती वाटली, साधी भीती. तो मगनला म्हणाला, "भाऊ, तुम्ही पुढे व्हा, मी मागचं बघतो." मगन गेला. वाल्मीक गेलाच नाही. वडील हाका मारतच गेले.

हे त्याने एकाच माणसाला सांगितलं होतं. दिवसकार्य आटोपून आला त्या संध्याकाळी तो नानांपुढे ढसाढसा रडला होता आणि नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. पुढच्याच महिन्यात भागूजीच्या तोंडी ते वाक्य आलं. वाल्मीकनेच ते लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता हसला. भुयार होतं, दरोडेखोर होते. त्यात त्याला दवाखाना दिसला नाही. किंवा दिसला असेल आणि त्याने तो हसण्याखाली झाकला असेल. आता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नाना ओसरीवर वाट बघत बसले होते.

"आलास? मला वाटलं, रुसतोस की काय."

"पाच वाजले," वाल्मीक म्हणाला. त्याने चटई ओढली, कागद लावले, पेनात शाई भरली. मग त्याने विचारलं, "नाना, खूण माझी होती ना?"

"होती की. खूण कॅप्टनला दिली. बाकीचा उरलास तो वाया कशाला घालवायचा?"

वाक्य झकास जमलं होतं. नानांचं त्यांनाच हसू आलं आणि हसता हसता ठसका लागला. वाल्मीकने उठून त्यांना तांब्या दिला. एवढ्या वर्षांची सवय.

"चल, घे लिहायला," पाणी पिऊन नाना म्हणाले. "सुहासला तू फार आवडलास. शेवटचा प्रसंग भागूजीवर वाढवून मागितलाय. कॅप्टन गुहेत घायाळ पडलाय. हाका मारतोय, 'भागूजी! भागूजी!' भागूजी बाहेर लटपटतोय. चष्मा पुसतो आणि म्हणतो, तेच आपलं नेहमीचं. लोक खुर्च्यांवरून पडले पाहिजेत."

वाल्मीकने लिहिलं. एक शब्द गाळला नाही. मग पेन उचलून तो म्हणाला,

"नाना, इथे आणखी एक घालता येईल."

"काय?"

"चपला. आत जायचं म्हणून भागूजी चपला काढतो. आतून हाक येते. तो पुन्हा पायात घालतो. पुन्हा काढतो. असं तीनदा."

"गुहेत जायला चपला कशाला काढेल रे?"

"म्हणूनच हसतील."

"वा!" नानांनी मांडीवर थाप मारली. "हे कुठून सुचलं तुला?"

"सुचलं नाही. त्या दिवशी तुम्हाला तेवढं सांगायचं राहिलं होतं."

नानांचा हात मांडीवरच राहिला.

"चौथ्यांदा काढल्या, तेव्हा मगनभाऊ बाहेर आले," वाल्मीक म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, सूचना वाचल्यासारखा. "हाका थांबल्या होत्या. तेही घालू का?"

नानांनी काळा चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला.

"वाल्मीक, ते राहू दे. खोड ते."

"लोक हसतील, नाना."

"मी सांगतो ना, खोड."

नानांना दिसत नव्हतं. कागदावरून सरकणारं निब तेवढं ऐकू येत होतं, आणि ते थांबत नव्हतं. ओळ संपली. वाल्मीकने पान उलटलं.

"हं," तो म्हणाला. "पुढे सांगा."